कंपनीत वरच्या हुद्द्यावर असताना डीबीए करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, मुंबईत एका कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट, एमबीए होऊन वीस-बावीस वर्षं झाली, आता डॉक्टरेट करावी असं मनात आहे. पीएचडी बरी की डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे व्यवस्थापनातली डॉक्टरेट), वेळ कुठून काढायचा, फी किती, आणि ‘दोन वर्षांत घरबसल्या डॉक्टर व्हा’ अशा ज्या जाहिराती फोनवर येत असतात त्यांचं काय करायचं.

मी ५४ वर्षांचा आहे. घराघरांत लागणाऱ्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीत सेल्स बघतो. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात अर्धवेळ डीबीएला नाव घातलं, २०२३ मध्ये व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, झाला. तेव्हा उत्तर स्वतःच्या अनुभवावरून देतोय, सरसकट सगळ्यांना लागू पडेल असं नाही.

जाहिरातींचं आधी उरकतो. परदेशी विद्यापीठांच्या नावावर एडटेक कंपन्या ज्या ऑनलाइन पीएचडी विकतात त्यांना मान्यता नाही, अशी जाहीर सूचना यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) यांनी मिळून ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली होती. पुढच्याच महिन्यात आलेल्या पीएचडी नियमावलीतही दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला जागा नाही. परदेशी पदव्यांना समकक्षता देण्याचे नियम एप्रिल २०२५ मध्ये आले, त्यात फ्रँचायझी पद्धतीने मिळवलेल्या पदव्या सरळ बाहेर ठेवल्यात. जाहिरातीत ‘डॉक्टरेट’ आणि ‘ईएमआय’ हे दोन शब्द एकाच ओळीत दिसले की मी पुढे वाचत नाही. पूर्वग्रह म्हणा हवं तर.

आता ही पदवी हवी कशाला, ते बघू. आपल्या वयाची दहातली सात माणसं सांगतात, ‘रिटायर झाल्यावर शिकवायचंय.’ त्यासाठी डॉक्टरेट लागतेच असं नाही. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून एक वाट काढून दिली आहे. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरच्या पदावरचा अनुभव असला की पदवीची अट नाही. नेमणूक मुदतीची असते, जास्तीत जास्त चार वर्षं, पण हौस भागते. त्याआधी एखाद्या कॉलेजात दोन गेस्ट लेक्चर घेऊन बघा, मुलं विसाव्या मिनिटाला फोन काढतात की तिसाव्या. पाच वर्षं घासण्यापेक्षा हे स्वस्त.

नावामागे ‘डॉ.’ लावायचं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मलाही हवं होतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या नामफलकावर दोन डॉक्टर आधीच आहेत, दोघेही दातांचे, तिसरा आपण व्हावं असं वाटायचंच. पण ही हौस दुसऱ्या वर्षापर्यंत पुरते, त्यापुढे पुरत नाही. शिवाय डीबीए सांगितलं की निम्म्या लोकांना तुम्ही डेटाबेस सांभाळता असं वाटतं. माझ्या भाच्याने विचारलंच, ‘मामा, या वयात ओरॅकल?’

पीएचडी की डीबीए हा वाद जितका रंगवतात तितका मोठा नाही. ढोबळ फरक असा की पीएचडीचा प्रश्न आधी झालेल्या संशोधनातल्या फटीतून येतो आणि डीबीएचा प्रश्न कामाच्या टेबलावरून. दोघांनाही शेवटी नवीन काहीतरी सिद्ध करून दाखवावं लागतं. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये कित्येक दशकं डीबीए हीच मुख्य संशोधन-पदवी होती, २०१८ च्या सुमारास तिच्या जागी पीएचडी आली. म्हणजे डीबीए ही धाकटी पाती, असं काही नाही. धाकटी केली ती पदव्यांच्या दुकानदारांनी. परदेशी डीबीएच घ्यायचं असेल तर बिझनेस स्कूलला एएसीएसबी, इक्विस, अँबा या आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी एखादी आहे का ते बघा. आणि मागच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचायला मागा. दाखवत नसतील तर विषय संपला.

इथली पीएचडी करायची असेल तर २०२२ च्या नियमांत अर्धवेळाची सोय आहे. किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. नोकरदाराला कंपनीचं ना हरकत पत्र लागतं आणि त्यात असं लिहून द्यावं लागतं की याला कामातून संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळतो, आणि लागलं तर कोर्सवर्कसाठी मोकळीक देऊ. हे पत्र घेऊन एचआरकडे जा आणि त्यांचा चेहरा बघा. फी मात्र परदेशाच्या मानाने किरकोळ. माझे फी, विमानं, तिथलं राहणं मिळून पस्तीस लाखांच्या आसपास गेले, सगळे स्वतःचे. कंपनी अर्धे द्यायला तयार होती. मी नको म्हटलं, कारण पैसे त्यांचे झाले की निष्कर्षही त्यांना विचारून काढावे लागले असते. हा एक निर्णय मी बरोबर घेतला.

वेळेबद्दल लोक फार विचारतात आणि मला त्यात फारसं सांगण्यासारखं वाटत नाही. पहाटे पावणेपाच ते पावणेसात, आठवड्यातले चार दिवस, आणि रविवारी सकाळी. एकूण बारा तास. पंधरा ठरवले होते. मार्चमध्ये शून्य. मुलुंड ते अंधेरी पूर्व रोजचा प्रवास जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून, तिथे मेट्रोचे खांब उभे राहायला लागल्यापासून गाडीत दीड-दीड तास मिळायला लागला, त्यात वाचन झालं. आधी ड्रायव्हरला एफएम बंद करायला सांगायचो, पुढे तो आपणहूनच बंद करायला लागला. खरा त्रास तास कमी पडण्याचा नाही, खाडे पडण्याचा. तीन आठवडे फाइल उघडली नाही तर चौथ्या आठवड्यातले दोन दिवस ‘आपण म्हणत होतो तरी काय’ हे आठवण्यातच जातात. त्यावर मी एक उपाय केला होता: टेबलावरून उठण्याआधी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज, मराठीत. आज कुठे अडलो, उद्या कुठून सुरू करायचं. प्रबंध इंग्रजीत होता, पण मराठीत बोलताना जिथे अडखळायचो तिथे इंग्रजीतही काहीतरी लपवलेलं असायचं.

जड गेलं ते वेगळंच. वीस वर्षं मी लोकांना उत्तरं देण्याचा पगार घेत होतो. मीटिंगमध्ये ‘मार्केट असं आहे’ म्हटलं की मार्केट तसं आहे. कुणी उलट विचारत नाही. माझी सुपरवायझर वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तिने पहिल्या प्रकरणाचा मसुदा परत पाठवला तेव्हा समासात एकच शेरा पुन्हा पुन्हा होता. इंग्रजी चार शब्दांचा, आपल्याकडे एकाच शब्दात भागतं: कशावरून? ‘डिस्ट्रिब्युटरला क्रेडिटपेक्षा स्कीम जास्त आवडते.’ कशावरून? ‘महिनाअखेरीस माल ढकलणं ही या धंद्यात अपरिहार्य गोष्ट आहे.’ कशावरून? मी रागावून दोन दिवस मेलला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी यादी करायला बसलो, तर यातल्या बऱ्याच गोष्टी मला १९९९ साली माझ्या पहिल्या साहेबाने सांगितल्या होत्या. त्याला कुणी सांगितल्या होत्या कोण जाणे.

विषय माझा तोच होता, महिनाअखेरचा माल. सेल्समध्ये नसाल तर सांगतो. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल म्हणजे प्रायमरी, डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला विकलेला तो सेकंडरी. टार्गेट बहुतेक ठिकाणी प्रायमरीवर. मग पंचवीस तारखेपर्यंत सगळे निवांत, आणि शेवटच्या पाच दिवसांत टेम्पोवर टेम्पो. भिवंडीच्या गोडाऊनबाहेर तीस तारखेच्या रात्री उभे राहा, दिसेल. विक्रीचा आलेख आडवा जाऊन टोकाला एकदम वर चढतो, हॉकीच्या काठीसारखा, म्हणून इंग्रजीत त्याला नावही तेच. मला वाटलं, यावर आपण काहीतरी मूलभूत सांगणार आहोत.

वाचायला लागल्यावर कळलं की खूप आधी सांगून झालंय. मागणीतला छोटा हेलकावा साखळीत मागे मागे जाताना मोठा होत जातो, हे एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं. १९९७ मध्ये ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी त्याची चार कारणं मांडली. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लंगोटांचं उदाहरण त्यांच्याच लेखात आहे: बाळं रोज जवळजवळ सारखीच लंगोटं ओली करतात, पण कारखान्यापर्यंत पोचेतो ऑर्डरी वेड्यावाकड्या उड्या मारत असतात. स्कीम आणि सवलतीमुळे लोक गरज नसताना माल उचलतात, हे त्या चारांतलं एक कारण. म्हणजे ज्याला मी वीस वर्षांचा अनुभव म्हणत होतो, तो एका लेखाचा पाव हिस्सा निघाला. त्या आठवड्यात सोडून देणार होतो.

मग सुपरवायझरने विचारलं, की माल ढकलणारा का ढकलतो हे सगळ्यांना कळलं, पण घेणारा का घेतो? त्याला तर माहीत असतं, आपल्याकडे माल पडून राहणार, पैसे अडकणार. तो ‘नको’ का म्हणत नाही? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

कोर्सवर्कमध्ये सरावाची एक मुलाखत घ्यायची होती. मी गेलो मस्जिद बंदरच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे, आमच्याच कंपनीच्या. त्यांनी कटिंगऐवजी फुल चहा मागवला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. ‘साहेब, आपली पॉलिसी एक नंबर. आपल्याला कधी प्रॉब्लेमच नाही.’ बावन्न मिनिटांचं रेकॉर्डिंग. टाइप करून सुपरवायझरला पाठवलं. परत आलं तेव्हा तिने माझ्या तोंडचे शब्द तेवढे पिवळ्या रंगात रंगवले होते. पानंच्या पानं पिवळीधमक, हळद लागल्यासारखी. बावन्नातली पस्तीस मिनिटं मीच बोलत होतो. खाली लिहिलं होतं, ही मुलाखत होती की रिव्ह्यू मीटिंग?

त्यानंतर एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात कुणाचं नुकसान होत नाही ना हे बघणारी विद्यापीठाची समिती. इथे नोकरदार संशोधकांनी नीट लक्ष द्यावं, कारण ‘माझ्याकडे डेटा आहे, माणसं आहेत, काम पटकन होईल’ असं आपण सगळेच धरून चालतो. फॉर्ममध्ये प्रश्न होता, हा माणूस तुम्हाला ‘नाही’ म्हणाला तर त्याचं काय नुकसान होऊ शकतं? मी लिहिलं, काहीच नाही. अर्ज परत आला. मग कागद घेऊन बसलो आणि लिहून काढलं. त्याचा एरिया माझ्या सहीने ठरतो. त्याचे क्लेम, म्हणजे कंपनीकडून त्याला यायचे पैसे, माझ्या खात्यातून सुटतात. शेजारच्या एरियात दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमायचा की नाही, तेही मीच ठरवतो. हा माणूस मला नाही कसं म्हणेल? आणि जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या हो ला संशोधनात काय किंमत?

म्हणून आमच्या कंपनीचे सगळे डिस्ट्रिब्युटर मला यादीतून काढावे लागले. राहिले ते इतर कंपन्यांचे, आणि धंद्यातून बाहेर पडलेले जुने लोक. म्हणजे ज्यांना माझ्याकडून काहीच नको होतं.

२०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरल्यावर, कल्याणला टिळक चौकाजवळ एका काकांकडे गेलो. वय अठ्ठ्याहत्तर. मी आधीच्या कंपनीत एरिया मॅनेजर होतो तेव्हा त्यांच्याकडे एजन्सी होती. आता मुलगा दुसराच धंदा करतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि लाल कापडी बांधणीची एक चोपडी घेऊन आले. हिशेबाची नव्हे. त्यांच्या भाषेत ‘शब्दांची चोपडी’. महिनाअखेरीला कुठल्या मॅनेजरने काय कबूल करून माल उतरवला ते तारीखवार लिहिलेलं. तो माल कधी परत घेणार, कुठली स्कीम मागाहून देणार, कुठला क्लेम पुढच्या महिन्यात सोडणार. वसूल झालं की ओळीवर काट. बऱ्याच ओळींवर काट नव्हती.

त्यांनी पान काढून चोपडी माझ्याकडे वळवली. ३० मार्च २००४. अठरा हजार चारशे. ‘पुढच्या महिन्यात सांभाळून घेतो म्हणाले.’ पुढे माझं नाव. काट नाही.

मला तो माल आठवेना, तो क्लेम आठवेना. जूनमध्ये माझी नागपूरला बदली झाली होती, तेवढं आठवलं. काका म्हणाले, ‘अहो, तुम्ही एकटे नाही, बघा,’ आणि पानं उलटत राहिले. मला पुढे काही बोलायला सुचेना, म्हणून ती मुलाखत चांगली झाली. दीड तासात मी जेमतेम दहा मिनिटं बोललो असेन. पैसे देऊ केले तेव्हा ते हसले, म्हणाले, ‘आता काट मारून काय करू? तुमच्या पुस्तकात लिहा.’

प्रबंधाचा कणा तिथून आला. घेणारा माल घेतो तो कराराच्या जोरावर नाही आणि निव्वळ भीतीनेही नाही. ‘सांभाळून घेऊ’ या शब्दावर घेतो. या शब्दाला तारीख नसते, रक्कम नसते, साक्षीदार नसतो. तो कंपनीच्या सिस्टिममध्ये कुठेच चढत नाही, मॅनेजरच्या डोक्यात राहतो, आणि मॅनेजरची बदली झाली की त्याच्याबरोबर निघून जातो. मी इंग्रजीत त्यासाठी चार-पाच शब्द घालून बघितले, एकही बसेना. कुठल्यात उपकाराचा वास, कुठल्यात वकिली. शेवटी सुपरवायझरच म्हणाली, तुमचाच शब्द ठेवा आणि तो म्हणजे काय हे समजावण्यात एक प्रकरण खर्च करा. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात आज एक प्रबंध आहे, त्यात ‘सांभाळून घेणं’ हा शब्द ठायीठायी आहे. व्हायवात बाहेरच्या परीक्षकाने पहिला प्रश्न त्याचा उच्चार कसा करायचा हाच विचारला. निकाल लागला तो किरकोळ दुरुस्त्यांसह पास.

नोकरीत काय मिळालं म्हणाल तर पगारात एक रुपया नाही, बढती नाही. आमच्याकडे आता बदलीच्या वेळी जुन्या मॅनेजरने दिलेले शब्द नव्याला लिहून द्यावे लागतात, एका पानाचा कागद असतो. सेल्सच्या पोरांना तो आवडत नाही. मीटिंगमध्ये मी ‘कशावरून’ विचारतो म्हणून काही जण मागे मला त्याच नावाने ओळखतात, असं ऐकून आहे.

घरचं थोडं. जेवणाचं टेबल म्हणजे माझी अभ्यासाची जागा, आणि आमच्याकडे दीड दिवसाचा गणपतीही तिथेच बसतो. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री सगळे कागद खोक्यांत भरून माळ्यावर जायचे. वर्षातले तेवढेच दोन-तीन दिवस बायकोला नवरा पूर्ण मिळायचा, आणि तोही मोदक वळता वळता कोडिंगबद्दल, म्हणजे मुलाखतींतल्या वाक्यांना लेबलं लावण्याबद्दल, बोलायचा. मधल्या काळात मुलीची बारावी झाली. तिच्या निकालाची टक्केवारी मला आठवते, पण ते वर्ष आठवत नाही. याची भरपाई कुठल्या पदवीदान समारंभात होत नसते. घरात कुणाचं आजारपण, मुलांचं दहावी-बारावी असं काही येऊ घातलं असेल तर दोन वर्षं थांबा, पदवी कुठे पळून जात नाही.

पैसे भरण्याआधी एक करा. शोधगंगा उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेला भारतीय प्रबंधांचा हा साठा आहे, फुकट. आपल्या विषयाच्या जवळचे दोन प्रबंध निवडा आणि रात्री जेवणानंतर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. कंटाळा आला तर उत्तर मिळालं. वाचता वाचता ‘याने हे विचारलंच नाही’ असं पुटपुटलात, तरीही उत्तर मिळालं.

आणि हो, तुमच्या प्रश्नात वय आहे, हुद्दा आहे, फीची चौकशी आहे, तासांचा हिशेब आहे. संशोधन कशावर करायचंय ते कुठेच नाही. ते खाली लिहा, मग पुढचं बोलू.